डोर्नकलचा धर्मप्रांत आणि त्याचे पहिले बिशप

डोर्नकलला पहिले मिशनरी आले ते १९०४ साली. त्यांचे नाव सॅम्युएल पाक्कियनाथन. ते तमीळ होते. त्यांचा खर्च तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या तमीळ मंडळ्या वर्गणीतून चालवत होत्या, आणि ज्या लोकांत काम करायचे त्यांची तेलुगू भाषा त्यांना अजून शिकायची होती. निजामाच्या हैदराबाद संस्थानात, वरंगळच्या बाजूला, जंगलाने वेढलेले एक रेल्वे जंक्शन एवढीच तेव्हा डोर्नकलची ओळख होती. आपला मराठवाडाही त्या काळी याच संस्थानाचा भाग होता. या आडबाजूच्या ठिकाणी आठ वर्षांत अँग्लिकन मंडळीचा स्वतंत्र धर्मप्रांत उभा राहिला आणि त्याच्या प्रमुखपदी एक भारतीय बसला. पुढची बत्तीस वर्षे वेदनायगम सॅम्युएल अझरया हे डोर्नकलचे बिशप होते. या धर्मप्रांताचा इतिहास त्यांच्या चरित्रापासून वेगळा काढताच येत नाही.

पाक्कियनाथन यांना पाठवणारी संस्था होती इंडियन मिशनरी सोसायटी ऑफ तिरुनेलवेली. ती १९०३ साली स्थापन झाली. आदल्या वर्षी अझरया जाफन्याला गेले होते. तिथले तमीळ ख्रिस्ती लोक स्वतःच्या पैशाने आणि स्वतःची माणसे पाठवून सुवार्तेचे काम करत होते. हे पाहून ते अस्वस्थ होऊन परतले. तिरुनेलवेलीची मंडळी काही कालची नव्हती. तिच्या मागे शंभर वर्षांची परंपरा होती, पाळक होते, शाळा होत्या, शिकलेली पिढी होती. तरीही मिशनकार्य हे गोऱ्या साहेबांनी करायचे आणि आपण त्याचा लाभ घ्यायचा, ही सवय काही सुटत नव्हती. नव्या संस्थेने ती मोडली. माणसे आपली, पैसा आपला, कारभार आपला, असे तिचे सूत्र ठरले. १९०५ च्या नाताळच्या दिवशी सेरामपूरला विल्यम केरीच्या ग्रंथालयात नॅशनल मिशनरी सोसायटीची स्थापना झाली, तेव्हा हेच सूत्र साऱ्या देशासाठी स्वीकारले गेले. तिच्या संस्थापकांतही अझरया पुढे होते. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १८०५ साली, याच सेरामपूरहून केरीचे मराठी व्याकरण छापून निघाले होते, म्हणून मराठी वाचकाला ते गाव परके वाटू नये.

अझरया यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ रोजी तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या वेल्लाळनविळै या खेड्यात झाला. वडील थॉमस वेदनायगम हे गावचे पाळक. घराणे नाडर समाजाचे. ताडी काढणे हा या समाजाचा पिढीजात धंदा, आणि वरच्या जाती त्यांना देवळाच्या आवारात पाऊल टाकू देत नसत. वडील १८८९ साली वारले. आई एलन करारी आणि श्रद्धाळू होती. मुलाला घडवले ते तिने. शिक्षण मिशनच्या शाळांत आणि मग मद्रास ख्रिश्चन कॉलेजात झाले. विषय गणित. पण शेवटच्या परीक्षेच्या वेळी आजारपण आले आणि पदवी राहिली ती राहिलीच. विद्यार्थी असतानाच त्यांनी सोबत्यांना घेऊन जातिभेद न पाळणाऱ्यांचे एक मंडळ काढले होते. ख्रिस्ती वसतिगृहातही पंक्ती जातीवार बसत, तो हा काळ.

१८९५ साली ते वाय.एम.सी.ए.चे सचिव झाले. पुढच्याच वर्षी शेरवुड एडी हा अमेरिकन तरुण त्यांच्यासोबत कामाला आला. दोघे दक्षिण भारतभर एकत्र फिरले, एकत्र राहिले, आणि ही मैत्री शेवटपर्यंत टिकली. १८९८ साली अझरयांनी अन्बू मरिअम्माळ यांच्याशी लग्न केले. त्या कॉलेजात शिकलेल्या होत्या, आणि दक्षिणेतल्या ख्रिस्ती समाजात तेव्हा अशा मुली फारच थोड्या. हुंडा घ्यायचा नाही आणि लग्नाचा खर्च चाळीस रुपयांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असे ठरवून हे लग्न झाले. लग्नापायी सावकाराच्या दारी जाणारी कुटुंबे त्यांनी आजूबाजूला पाहिली होती. पुढे बिशप झाल्यावर कर्ज आणि दारू यांविरुद्ध ते खेड्याखेड्यांत बोलत, तेव्हा त्या बोलण्याला घरच्या आचरणाचा आधार होता.

वाय.एम.सी.ए.तले काम प्रतिष्ठेचे होते. त्यापायी देशभर फिरणे होई, १९०७ साली टोकियोच्या जागतिक परिषदेलाही ते जाऊन आले. पण दुसऱ्यांना खेड्यात पाठवायचे आणि आपण शहरात राहून पत्रे लिहायची, हे त्यांना सलत होते. १९०९ साली त्यांनी पद सोडले, दीक्षा घेतली आणि बायकोमुलांसह डोर्नकल गाठले. पस्तिशीत त्यांनी तेलुगू शिकायला घेतली.

पुढच्या वर्षी, जून १९१० मध्ये, एडिंबरोला जागतिक मिशनरी परिषद भरली. सुमारे बाराशे प्रतिनिधींत आशियातले वीसही नव्हते. विदेशी आणि देशी कार्यकर्त्यांचे सहकार्य हा विषय अझरयांना दिला होता. त्या संध्याकाळी त्यांनी जे सांगितले ते सभागृहातल्या पुष्कळांना झोंबले. मिशनऱ्यांनी भारतासाठी पैसा दिला, आयुष्ये वेचली, देह झिजवले, हे सारे त्यांनी कृतज्ञतेने मान्य केले. पण वर्षानुवर्षे सोबत काम करणाऱ्या भारतीय सहकाऱ्याला ज्यांनी कधी आपल्या घरी जेवायला बोलावले नाही, असे मिशनरी आपण पाहिले आहेत, हेही त्यांनी सांगितले. आम्हाला मित्र हवे आहेत, ही त्यांची शेवटची मागणी. काही मिशनरी चिडले, काहींनी भाषणाचे स्वागत केले. आज त्या परिषदेतले दुसरे कुठलेही भाषण इतके आठवले जात नाही. ते बोलले तेव्हा त्यांच्याकडे ना पदवी होती, ना मोठे पद. परक्या देशात, आश्रयदात्यांच्याच सभेत उभे राहून त्यांनी हे सांगितले. या एका भाषणासाठीही इतिहासाने त्यांची नोंद घेतली असती.

त्यांना बिशप करावे ही कल्पना मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांची. तत्त्वज्ञ आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांचे हे थोरले बंधू. तेलुगू खेड्यांत दलित समाज हजारोंनी मंडळीत येत होता, आणि मद्रासला बसून त्यांची देखभाल होणे अशक्य, हे व्हाइटहेड जाणून होते. पण अडचणी अनेक होत्या. हिंदुस्थानातली अँग्लिकन मंडळी त्या वेळी इंग्लंडच्या राज्यकारभाराशी कायद्याने बांधलेली होती. बिशपांच्या नेमणुका थेट राजसत्तेकडून होत. पहिल्या भारतीय बिशपाची नेमणूक त्या चौकटीत बसवणे कठीण होते. डोर्नकल निजामाच्या मुलखात, म्हणजे ब्रिटिश हद्दीबाहेर असल्याने वाट निघाली. मिशनऱ्यांचाही विरोध होता: गोरे पाळक भारतीय बिशपाच्या हाताखाली काम करतील का? आणि खुद्द तिरुनेलवेलीतल्या काही ख्रिस्ती मंडळींनाही नाडर घराण्यातला माणूस इतक्या वर चढलेला पाहवत नव्हता. जात चर्चच्या दारात चपलांसारखी काढून ठेवता येत नाही, याचा अनुभव अझरयांना पहिल्याच दिवसापासून आला.

तरीही २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये त्यांचा बिशपपदाचा दीक्षाविधी झाला. अँग्लिकन मंडळीच्या इतिहासातले ते पहिले भारतीय बिशप. या घटनेचा एक दुःखद भागही सांगायला हवा. पहिल्यानंतर दुसरा यायला फार वेळ लागला. काही भारतीय सहायक बिशप झाले, पण स्वतःचा धर्मप्रांत सांभाळणारे भारतीय अँग्लिकन बिशप म्हणून अझरया १९४५ पर्यंत एकटेच राहिले. डोर्नकलमध्ये मात्र व्हाइटहेडविरोधकांची भीती खोटी ठरली. इंग्रज आणि आयरिश मिशनऱ्यांनी अझरयांच्या हाताखाली काम केले. १९३५ पासून त्यांचे सहायक बिशप होते अँथनी ब्लॅकर इलियट, आणि त्यांच्या पश्चात धर्मप्रांताची धुराही इलियट यांनीच सांभाळली.

सुरुवातीला धर्मप्रांत लहान होता आणि पाळक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हळूहळू शेजारचे भाग जोडले गेले; १९२० नंतर ब्रिटिश मुलखातला कृष्णा नदीकाठचा मोठा प्रदेशही त्यात आला. तेलुगू खेड्यांतले माला आणि मादिगा हे दोन समाज मंडळीत येत होते. माला शेतमजुरी आणि विणकाम करणारे, मादिगा कातडी कमावणारे. गाव दोघांनाही शिवून घेत नसे, पण दोघे एकमेकांनाही शिवून घेत नसत. आपल्याकडे महार आणि मातंग वस्त्यांत पूर्वी जी दरी होती तिची आठवण मराठी वाचकाला यावी. आधी माला मंडळीत आले की मादिगा दूर राहत, आणि उलटही घडे. अझरयांनी यात तडजोड केली नाही. प्रभुभोजनाचा प्याला एकच, बाके एकच, शाळा एकच. जिथे लोक वेगळी रांग मागत तिथे त्यांनी ती दिली नाही. वैर लगेच मिटले असे कुणी म्हणणार नाही. पण एका प्याल्यातून पिणे ही त्या काळच्या खेड्यात किती मोठी गोष्ट होती, हे ज्याने जात पाहिली आहे त्याला वेगळे सांगायला नको.

बिशपांचा बराच काळ फिरण्यात जाई. बैलगाडीने, सायकलने, पायी. मजूर दिवसभर शेतात असत म्हणून उपासना रात्री कंदिलाच्या उजेडात चाले. बाप्तिस्मा घेतलेल्यांना ते स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला सांगत, आणि आपण सुवार्ता सांगितली नाही तर आपल्याला धिक्कार असो, अशा अर्थाचे पौलाचे शब्द त्यांच्याकडून म्हणवून घेत. ज्याला अक्षर येत नाही तोही साक्ष देऊ शकतो, ही त्यांची पक्की धारणा होती. गावागावात त्यांनी शिक्षक नेमले. हा शिक्षक दिवसा मुलांना शिकवी, संध्याकाळी मोठ्यांची प्रार्थना घेई, कुणाचे भांडण मिटवी, कुणाचा अर्ज लिहून देई. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत धर्मप्रांतात सुमारे २५० भारतीय पाळक आणि २,००० हून अधिक गावशिक्षक होते, आणि सभासदांची संख्या दोन लाखांवर गेली होती. दवाखाने, सहकारी पतपेढ्या आणि छापखाने उभे राहिले. डोर्नकलच्या धर्मशिक्षण शाळेत पाळक तयार होत, आणि त्यांच्या बायकांनाही तिथे शिकवले जाई. पाळकाइतकेच काम पाळकाची बायको करते, मग तिला शिक्षण का नको, असा साधा विचार. अन्बू अझरया यांनी स्त्रियांच्या कामाची बाजू आयुष्यभर सांभाळली, आणि धर्मप्रांताच्या इतिहासात त्यांचे नाव बिशपांच्या बरोबरीने यायला हवे.

पैशाची गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. भुकेकंगाल मजुरांकडून देणगी कशी मागायची, असे मिशनऱ्यांना वाटे. अझरयांना वाटे, ज्याच्याकडून कधी काही मागितले नाही तो कायमचा भिकारी राहतो. त्यांनी मूठभर तांदळाची पद्धत रुजवली. स्वयंपाक करताना बाईने आधणात तांदूळ टाकण्यापूर्वी एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची; आठवड्याने ते मडके मंडळीत आणायचे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड ज्यांना ठाऊक आहे त्यांना या मुठीचे बळ समजेल. या विषयावर अझरयांनी लिहिलेले ख्रिस्ती दानाविषयीचे पुस्तक अनेक भारतीय भाषांत गेले. त्यात गणितज्ञाचा काटेकोरपणा आहे आणि खेड्यातल्या बाईविषयी अपार आदरही आहे.

उपासनेच्या बाबतीत अझरया किती भारतीय होते, यावर टीकाकारांचे एकमत नाही. इंग्रजी प्रार्थनापुस्तकावर त्यांचे मनापासून प्रेम होते आणि अँग्लिकन शिस्त त्यांनी सैल होऊ दिली नाही. पण त्याच शिस्तीत तेलुगू गीते, ढोल, मिरवणुका, कापणीचे सण आणि गाऊन सांगितलेल्या कथाही आल्या. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक याच वर्षांत अभंगातून आणि कीर्तनातून हाच शोध घेत होते. टिळक कवी होते, अझरया संघटक. त्यामुळे टिळकांची गाणी उरली आणि अझरयांच्या मंडळ्या उरल्या. दोन्ही वाटा आवश्यक होत्या, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

डोर्नकलचे कॅथेड्रल हे या शोधाचे दगडी रूप. बांधकाम सुमारे पंचवीस वर्षे रेंगाळले, कारण पैसा येई तसे काम पुढे सरके. ६ जानेवारी १९३९ रोजी, प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणाला, त्याचे समर्पण झाले. मद्रासजवळच्या तांबरमची जागतिक मिशनरी परिषद संपून तेव्हा आठवडा झाला होता, आणि तिथेही यजमानांत अझरया अग्रभागी होते. इमारतीला घुमट आणि मिनार आहेत, आत मंडपासारखे कोरीव खांब आहेत, त्यांवर कमळे आहेत. निजामाच्या राज्यातली मशीद, दक्षिणेतले देऊळ आणि ख्रिस्ती उपासनागृह यांची वैशिष्ट्ये तिथे एका छपराखाली आली. खेड्यातून आलेल्या माणसाला इथे परदेशात आल्यासारखे वाटू नये, हा त्यामागचा हेतू.

१९३० चे दशक त्यांच्यासाठी कसोटीचे गेले. धर्मानुसार स्वतंत्र मतदारसंघ देण्याला त्यांचा विरोध होता. ख्रिस्ती माणसाने संख्येच्या राजकारणात शिरले तर बाप्तिस्मा ही मतदारयादीतली नोंद होऊन बसेल, असे ते बजावत. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि दलितांचे धर्मांतर हा देशभर वादाचा विषय झाला. गांधीजींना खेड्यातली सामूहिक धर्मांतरे मान्य नव्हती; धर्म समजून उमजून ही माणसे बदलत नाहीत, असे ते 'हरिजन'मधून लिहीत. अझरयांची बाजू उलट होती. निरक्षर मजुराला स्वतःचा धर्म निवडण्याची अक्कल नाही असे म्हणणे हा त्याचा पुन्हा एकदा अपमान आहे, असे त्यांना वाटे. दारू सुटलेली, मुले शाळेत जाऊ लागलेली, घर स्वच्छ झालेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. हा बदल पाहून शेजारच्या शेतकरी जातींतले लोकही मंडळीत येऊ लागले होते. गांधीजी आणि अझरया दोघेही अस्पृश्यतेचे शत्रू, दोघेही स्वदेशीचे पुरस्कर्ते, आणि तरी या एका प्रश्नावर त्यांचे जमले नाही. या वादात खेड्यातल्या माणसाच्या निवडीवर विश्वास ठेवणारी बाजू अझरयांची होती, हे नोंदवले पाहिजे.

आता अझरयांच्या आयुष्यातल्या सर्वांत दीर्घ कामाकडे, म्हणजे मंडळ्यांच्या ऐक्याकडे. १ आणि २ मे १९१९ रोजी तरंगंबाडीला, म्हणजे जुन्या ट्रँकेबारला, ३३ पाळक जमले. दोघे सोडून सगळे भारतीय. १७०६ साली भारतातले पहिले प्रॉटेस्टंट मिशन याच किनाऱ्यावर उतरले होते. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल हे भेद आपण निर्माण केलेले नाहीत, ते युरोपच्या इतिहासातून आपल्यावर आलेले आहेत, आणि ते पुढे वाहत नेण्याचे कारण नाही, असे या पाळकांनी जाहीर केले. आठवड्याभराने, ९ मे रोजी, मुंबईत टिळकांचे निधन झाले. पंथभेदांपलीकडच्या भारतीय मंडळीचे स्वप्न त्यांनीही पाहिले होते.

मग सुरू झाल्या वाटाघाटी. बिशपपद कसे असावे, जुन्या पाळकांना पुन्हा दीक्षा लागेल का, प्रभुभोजनाला कोण बसू शकेल, अशा प्रश्नांत वर्षांमागून वर्षे गेली. अँग्लिकनांच्या बाजूने ऐक्याच्या योजनेचा मोठा भार उचलला तो मुंबईचे बिशप एडविन पामर यांनी. १९०८ ते १९२९ ते मुंबईत होते, आणि योजनेचा पहिला मसुदा त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षी प्रसिद्ध झाला. १९२९ पासून अझरया राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेचे अध्यक्ष होते, ते मृत्यूपर्यंत. या परिषदेचे कार्यालय आज नागपूरला आहे. १९२७ साली लोझानला आणि १९३७ साली पुन्हा एडिंबरोला जाऊन अझरयांनी पाश्चात्त्य मंडळ्यांना एकच गोष्ट सांगितली. तुमच्यासाठी फूट ही दुःखाची बाब असेल, आमच्यासाठी ती जीवनमरणाची आहे, असा तिचा आशय. ज्या गावात जातीने माणसे तोडली आहेत तिथे ख्रिस्ताच्या नावाने आणखी तुकडे पाडणे त्यांना पाप वाटे.

योजना पूर्ण झालेली त्यांना पाहायला मिळाली नाही. १९४४ च्या नाताळच्या सुमारास ते तापाने आजारी पडले आणि १ जानेवारी १९४५ रोजी डोर्नकलला त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी कॅथेड्रलच्या आवारात आहे. त्याच वर्षी अँग्लिकन मंडळीच्या महासभेने दक्षिणेतल्या चार धर्मप्रांतांना ऐक्याची मुभा दिली. २७ सप्टेंबर १९४७ रोजी, स्वातंत्र्यानंतर सहा आठवड्यांनी, मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरा त्यात एकत्र आल्या. डोर्नकलच्या सगळ्याच मंडळ्या मात्र आल्या नाहीत. नंद्यालकडच्या अनेक अँग्लिकनांनी बाहेर राहणे पसंत केले, आणि हा दुरावा पुढे १९७० च्या दशकापर्यंत राहिला. उत्तरेतल्या मंडळ्यांचे ऐक्य २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाले. मुंबई, नाशिक आणि नागपूर हे आपले जुने अँग्लिकन धर्मप्रांत त्या दिवसापासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे भाग आहेत, आणि त्यांच्या वाटेची आखणी तरंगंबाडीच्या त्या बैठकीपासून सुरू झाली होती.

ऐक्यानंतर जुन्या विशाल धर्मप्रांताची विभागणी झाली; कृष्णा-गोदावरीचा भाग वेगळा झाला, डोर्नकलचे नाव लहान क्षेत्रासाठी राहिले. गाव आता तेलंगणातल्या महबूबाबाद जिल्ह्यात आहे. काझीपेठहून विजयवाड्याकडे जाणाऱ्या मार्गावर डोर्नकल जंक्शन लागते. वाचकांपैकी कुणी त्या बाजूला गेले तर कॅथेड्रल जरूर पाहावे, आणि जवळच्या एखाद्या खेड्यातल्या रविवारच्या उपासनेलाही बसावे. आपल्या मंडळ्यांकडेही जुन्या वह्या, बाप्तिस्म्याच्या नोंदी, मुष्टीच्या आणि वर्गणीच्या याद्या पडून असतील. त्या वाळवीच्या स्वाधीन होण्याआधी जपून ठेवाव्यात, एवढी विनंती.